शिक्षा ऋण: मास कॉमच्या डिग्रीसाठी कर्ज काढण्याआधीचा हिशोब

इंदूरच्या बँकेत शैक्षणिक कर्जाच्या फॉर्मवर ठळक हिंदीत 'शिक्षा ऋण' असं छापलेलं असतं. माझी आजी लग्न होऊन वाईहून रामबागेत आली. साठ वर्षं इंदुरात काढली, पण मराठी वाईचीच राहिली. माझा फॉर्म हातात घेऊन तिने चष्मा वर केला आणि विचारलं, "कसली शिक्षा गं? काय केलंस?" घरभर हशा पिकला. चार वर्षांनी १७,२०० रुपयांच्या पगारातून १०,६४६ चा पहिला हप्ता कापला गेला, तेव्हा आजी सोडून कोणालाच तो विनोद आठवला नाही. तिने फक्त विचारलं, "अशी किती वर्षं?" दहा.

दर मे-जूनमध्ये नात्यातलं कोणीतरी फोन करतंच: "ताई, मास कॉम करू का? कर्ज मिळतंय." म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते. खालचे आकडे माझ्या कर्जाचे आहेत: ६ लाख रुपये, मास कॉमची (पत्रकारिता आणि जनसंचाराची) तीन वर्षांची डिग्री, दर वर्षी २ लाख, व्याज साडेदहा टक्के. दर मध्येमध्ये हलतो, पण हिशोब सोपा राहावा म्हणून इथे तो स्थिर धरला आहे. तुम्ही तुमचे आकडे घालून हाच हिशोब पुन्हा मांडा. कागद-पेन घेऊन बसा, आणि आई-बाबांनाही बसवा, कारण सही त्यांचीही लागणार आहे.

१. फी बाजूला ठेवा, आधी पूर्ण खर्च लिहा

माहितीपत्रकात वर्षाची ट्यूशन फी असते. त्यात नसलेलं मी नंतर भरलं: परीक्षा शुल्क, स्टुडिओ आणि लॅबचं शुल्क, दुसऱ्या वर्षीची 'इंडस्ट्री व्हिजिट', परत न मिळालेलं डिपॉझिट. शिवाय लॅपटॉप. व्हिडिओ एडिटिंग शिकायचं तर घरातला जुना लॅपटॉप पहिल्याच महिन्यात हात टेकतो.

सगळ्यात मोठा विसरलेला खर्च इंटर्नशिपचा. ती बहुतेक मुंबई, पुणे किंवा दिल्लीत असते आणि सुरुवातीला बिनपगारी नाहीतर नावापुरत्या मानधनावर. दोन महिने त्या शहरात राहायचं, खायचं, लोकलचा पास काढायचा. यासाठी बँक सहसा पैसे देत नाही, म्हणजे ते बाबांच्या खिशातून नाहीतर मावशीकडून उसने येतात. तोही आकडा याच कागदावर लिहा.

कॉलेजला लेखी विचारा: तिन्ही वर्षांची पूर्ण फी किती, आणि दर वर्षी वाढते का? तोंडी "मॅडम, जवळपास इतकीच" याला काही किंमत नाही. लेखी उत्तर देत नसतील तर दुसरं कॉलेज बघा.

२. घेतलेलं कर्ज आणि फेडायचं कर्ज वेगळं असतं

हे मला कोणीच सांगितलं नव्हतं. शिक्षण चालू असताना आणि त्यानंतर साधारण एक वर्ष हप्ता नसतो. बँकेच्या भाषेत हा मोरेटोरियम. "तोपर्यंत काही भरायचं नाही" एवढंच आपण ऐकतो. पण व्याज पैसे कॉलेजच्या खात्यात गेल्या दिवसापासून धावत असतं. या काळात ते सरळव्याजाने मोजतात आणि शेवटी मुद्दलात मिसळतात.

माझं असं झालं. पहिल्या वर्षीच्या २ लाखांवर चार वर्षांचं व्याज ८४,०००. दुसऱ्या २ लाखांवर तीन वर्षांचं ६३,०००. तिसऱ्यावर दोन वर्षांचं ४२,०००. एकूण १,८९,०००. म्हणजे एक रुपयाही कमवायच्या आधी सहाचे ७ लाख ८९ हजार झाले. त्यावर दहा वर्षांचा हप्ता १०,६४६ आणि शेवटपर्यंतची एकूण फेड सुमारे १२ लाख ७८ हजार.

"मग पंधरा वर्षं करून घ्या, हप्ता हलका होईल," असं काउंटरवर हमखास सांगतात. होतो हलका, ८,७२२. पण एकूण फेड १५ लाख ७० हजारांच्या घरात जाते. महिन्याचे १,९२४ रुपये वाचवायला जवळपास तीन लाख जास्त.

पाठ करायला सोपा आकडा हा: तीन वर्षांच्या डिग्रीसाठी साडेदहा टक्क्यांनी घेतलेल्या दर एक लाखामागे दहा वर्षांचा हप्ता सुमारे १,७७४ रुपये. १३ टक्क्यांनी घेतलंत, खासगी वित्त कंपन्या पुष्कळदा अशाच दराने देतात, तर तोच हप्ता २,०७५ च्या आसपास. त्यातल्या काही कंपन्या शिकत असतानाच व्याज भरायला लावतात. सही करण्याआधी हे विचारा.

३. पगार विचारायची पद्धत

घरात एक काका असतातच जे म्हणतात, "अरे, हे राहुल बारपुत्यांचं गाव! राजेंद्र माथुर, प्रभाष जोशी इथूनच गेले." खरंच आहे. 'नई दुनिया' हा हिंदी पेपर १९४७ साली इंदुरातूनच निघाला आणि हिंदी पत्रकारितेची एक अख्खी पिढी त्याने घडवली. बारपुते तर आपल्यातलेच, मराठी घरातले. पण काकांचा अभिमान हप्ता भरत नाही, आणि त्या पिढीतल्या कोणी तीन वर्षांच्या डिग्रीपायी सहा लाख अंगावर घेतले नव्हते.

पगाराची माहिती कॉलेजच्या प्लेसमेंटच्या पानावरून घेऊ नका. तिथे 'सर्वोच्च पॅकेज' मोठ्या टायपात असतं. मी त्याच आकड्याला भुलले. नंतर कळलं की तो आमच्या अभ्यासक्रमाचा नव्हताच. त्याच संस्थेच्या एमबीएच्या मुलाचा होता.

त्याऐवजी असं करा. लिंक्डइनवर त्या कॉलेजचे, त्याच अभ्यासक्रमाचे, दोन-तीन वर्षांपूर्वी बाहेर पडलेले निदान आठ जण शोधा. चमकणारेच निवडू नका. निवेदक झालेला एक आणि 'ओपन टू वर्क' लावून बसलेले दोन, सगळे घ्या. पगार किती असं थेट विचारलं तर कोणी सांगत नाही. मी हे तीन प्रश्न विचारते:

पहिल्या नोकरीत महिन्याला खात्यात किती जमा व्हायचं?
ती नोकरी डिग्री संपल्यावर किती महिन्यांनी लागली?
कॉलेजच्या ओळखीने लागली की स्वतःच्या कामाच्या जोरावर?

आठांपैकी पाच जणांनी तिसऱ्या प्रश्नाला "स्वतःच्या" म्हटलं, तर तुम्ही महागड्या फीमध्ये नेमकं काय विकत घेताय, हे पुन्हा विचारायला हवं.

खात्यात जमा होणारी रक्कम विचारायचं कारण असं. सीटीसी (कंपनीचा तुमच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च) २.४ लाख म्हणजे महिन्याला वीस हजार हाती येतील असं वाटतं. त्यातून पीएफमधला तुमचाही वाटा जातो आणि कंपनीचाही, कारण कंपनीचा वाटा बहुतेक ठिकाणी सीटीसीतच धरलेला असतो. मध्य प्रदेशात व्यवसाय कर लागू होत असेल तर तोही जातो. वर 'परफॉर्मन्स बोनस' नावाचा, वर्षअखेरी कदाचित मिळणारा तुकडा. माझ्या विजय नगरातल्या पहिल्या एजन्सीत सांगितलेला पगार १९,००० होता, हातात १७,२००.

वृत्तपत्रात किंवा चॅनेलवर 'रिटेनर' किंवा 'स्ट्रिंगर' म्हणून घेत असतील, तर तो पगार नसतो, व्यावसायिक मानधन असतं. त्यातून टीडीएस (आगाऊ आयकर) कापला जातो आणि पीएफ नाही. स्ट्रिंगरला बातमीमागे पैसे मिळतात. ज्या महिन्यात शहर शांत, त्या महिन्यात तुमचं खातंही शांत. आणि हप्त्याची तारीख शहराला विचारून येत नाही.

४. दोन्ही आकडे शेजारी ठेवा

माझा स्वतःचा नियम, पुस्तकातला नव्हे: हप्ता हातात येणाऱ्या रकमेच्या सहाव्या हिश्श्याहून मोठा नको. नोकरी इंदुरात असेल, तुम्ही घरी राहत असाल आणि आई डबा देत असेल, तर चौथ्या हिश्श्यापर्यंत ताणता येतं.

समजा, आठ जणांशी बोलून पहिला पगार १८,००० निघाला. सहावा हिस्सा ३,०००. त्याला १,७७४ ने भागा. साधारण १ लाख ७० हजार आलं. घरी राहणार असाल तर ४,५०० चा हप्ता, म्हणजे अडीच लाख. या डिग्रीसाठी तुम्हाला झेपणारं कर्ज एवढंच. मला बँकेने सहा दिले होते, मी सहा घेतले. बँकेचा हिशोब बाबांच्या पगारावर होता. ते सह-कर्जदार होते, आणि माझा हप्ता चुकला असता तर त्यांचाही सिबिल स्कोअर (कर्जफेडीच्या सवयीवरून ठरणारी पत) पडला असता.

"पण दोन-तीन वर्षांत पगार वाढतो ना?" वाढतो. या क्षेत्रात नोकरी बदलली की जास्त वाढतो. पण हप्ता पहिल्या महिन्यापासून असतो, आणि पहिल्या दोन वर्षांतच मुलं कंटाळून जनसंपर्कातली किंवा चॅनेलमधली चांगली पण कमी पैशांची संधी सोडून, हाताला लागेल ती कॉल सेंटरची नोकरी धरतात. माझ्या वर्गातले चौघे असेच गेले. कर्जाने त्यांचं क्षेत्रच बदलून टाकलं.

५. अडीच लाखांत बसणारे रस्ते

इंदुरातच देवी अहिल्या विश्वविद्यालयाचा पत्रकारिता आणि जनसंचार विभाग आहे. विद्यापीठाच्या अनेक विभागीय अभ्यासक्रमांचे प्रवेश सीयूईटी या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षेतून होतात, म्हणून बारावीच्या जानेवारीपासूनच फॉर्मची तारीख बघा. बोर्डाच्या परीक्षेच्या गडबडीत ही तारीख निसटते आणि मग जूनमध्ये खासगी कॉलेज हाच एक दरवाजा उरतो. माझं तसंच झालं होतं.

भोपाळला माखनलाल चतुर्वेदी राष्ट्रीय पत्रकारिता आणि संचार विद्यापीठ आहे. या विद्यापीठाची संलग्न अभ्यासकेंद्रंही गावोगाव आहेत. मुख्य आवारातला वर्ग आणि एखाद्या गल्लीतलं केंद्र या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. प्रवेश नक्की कुठे होतोय ते पावतीवर वाचा.

तिसरा रस्ता मला आज सगळ्यात शहाणपणाचा वाटतो. घरी राहून साधी बीए करा: अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, इंग्रजी, काहीही. तीन वर्षं कामाचे नमुने जमवा आणि मग एका वर्षाची पदव्युत्तर पदविका करा. आयआयएमसीचं (भारतीय जनसंचार संस्थेचं) एक केंद्र अमरावतीला आहे आणि तिथे मराठी पत्रकारितेचा अभ्यासक्रम चालतो. पुण्यात विद्यापीठाचा रानडे इन्स्टिट्यूटमधला विभाग आहे. कर्ज एकाच वर्षाचं, मोरेटोरियम लहान, व्याज कमी. शिवाय तोपर्यंत हे काम आपल्याला खरंच आवडतं का, हेही कळलेलं असतं.

पुण्या-अहमदाबादच्या मोठ्या खासगी संस्था वाईट नाहीत. तिथल्या ओळखी पुढे कामी येतात. पण त्यांचा हिशोब जाहिरात आणि ब्रँडच्या नोकऱ्यांच्या पगारावर जमतो. तिथली डिग्री घेऊन स्थानिक वार्ताहर व्हायचं असेल, तर तो हिशोब कधीच जमत नाही.

शिष्यवृत्ती आधी, कर्ज नंतर. मध्य प्रदेशची मुख्यमंत्री मेधावी विद्यार्थी योजना एमपी बोर्डाला बारावीत ७० टक्के आणि सीबीएसई-आयसीएसईला ८५ टक्के अशा अटीवर आहे, सोबत उत्पन्नाची मर्यादाही आहे. तुमचं कॉलेज आणि अभ्यासक्रम त्यात बसतो का, हे प्रवेशाआधी विचारा.

६. बँकेत जाताना

सरकारी बँकांचा साधारण साचा असा. ४ लाखांपर्यंत स्वतःचे पैसे घालावे लागत नाहीत. त्यावर देशातल्या शिक्षणासाठी ५ टक्के आपले. साडेसात लाखांपर्यंत सरकारी हमी योजनेत तारण लागत नाही, त्यापुढे घर, मुदत ठेव असं काहीतरी गहाण मागतात. अर्ज विद्यालक्ष्मी पोर्टलवर भरायचा. मग शाखेत जायचं, आणि बहुधा घराच्या पत्त्याजवळच्याच शाखेत पाठवतात.

२०२४ च्या नोव्हेंबरात मंजूर झालेली पीएम-विद्यालक्ष्मी योजना निवडक दर्जेदार संस्थांसाठीच आहे. कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर मोरेटोरियमच्या काळात व्याजात ३ टक्के सवलत मिळू शकते. दुसरी सरकारी शिष्यवृत्ती घेत असाल तर ही सवलत मिळत नाही. म्हणून दोन्हींचा फायदा मोजून एक निवडा.

सोबत न्यायचे कागद:

दहावी-बारावीच्या गुणपत्रिका
प्रवेश मिळाल्याचं पत्र आणि तिन्ही वर्षांच्या फीचं कॉलेजच्या लेटरहेडवरचं पत्रक
विद्यार्थी आणि पालक दोघांचे आधार आणि पॅन
पालकांचा फॉर्म १६ किंवा आयकर विवरणपत्रं, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट
तहसीलचं उत्पन्न प्रमाणपत्र (लोक सेवा केंद्रातून), मूळ निवासी प्रमाणपत्र, समग्र आयडी (मध्य प्रदेश सरकारचा कुटुंब-ओळख क्रमांक)
सगळ्यांचे फोटो, आणि प्रत्येक कागदाच्या तीन झेरॉक्स

उत्पन्नाचा दाखला आधी काढा. जून-जुलैत सगळं शहर लोक सेवा केंद्राच्या रांगेत उभं असतं.

आता सापळे. माझ्या शाखेत साहेबांनी तीन चकरा मारायला लावल्या आणि चौथ्यांदा म्हणाले, "इस कोर्स में नौकरी लगती भी है?" मला संताप आला. आज वाटतं, प्रश्न उद्धट होता, पण तेवढा एकच माणूस तो विचारत होता. अर्ज नाकारला तर कारण लेखी मागा.

दुसरा सापळा विम्याचा. कर्जाबरोबर एकरकमी हप्त्याचा विमा जोडतात, तो कर्जातच मिळवतात आणि मग विम्याच्या पैशांवरही दहा वर्षं व्याज भरत बसायचं. "सक्तीचा आहे" म्हणाले तर कुठे लिहिलंय ते दाखवायला सांगा. घ्यायचाच असेल तर साधा टर्म विमा बाहेरून घ्या.

तिसरा: कॉलेजने प्रवेश पक्का करताना मूळ गुणपत्रिका ठेवून घ्यायला मागितली तर देऊ नका. यूजीसीच्या नियमाने तपासून परत द्यायची असते. ती अडकली की कॉलेज बदलायची तुमची ताकदच जाते.

७. शिकत असताना

जमलं तर फक्त व्याज भरत राहा. माझ्या कर्जावर पहिल्या वर्षी ते महिन्याला १,७५० होतं, दुसऱ्या वर्षी ३,५००, पुढे ५,२५०. सगळं भरलं असतं तर हप्ता १०,६४६ ऐवजी ८,०९६ वर सुरू झाला असता आणि एकूण सुमारे १ लाख १७ हजार वाचले असते. काही बँका या काळात नियमित व्याज भरणाऱ्याला दरात एक टक्का सूटही देतात. सगळं नाही तर पहिल्या वर्षाचे १,७५० तरी भरा. तेवढे शिकवण्या घेऊनही निघतात.

आणि आपल्याकडे एक हत्यार आहे जे पुण्याच्या मुलांकडे नसतं. इंदूरच्या मराठी घरातलं मूल हिंदी आणि मराठी दोन्हीत झोपेतसुद्धा बोलतं. अनुवाद, सबटायटल, जाहिरातींचं मराठीकरण, आवाज देणं, ही कामं शब्दामागे किंवा मिनिटामागे पैसे देतात आणि घरी बसून होतात. माझ्या कर्जातला शेवटचा दीड लाख पगारातून गेला नाही, रात्रीच्या अनुवादातून गेला.

फक्त आपली मराठी आधी घासून घ्या. पुण्याच्या एका संपादकबाईंनी माझा पहिला अनुवाद परत पाठवला. कोर्टातल्या दोन पक्षांच्या भांडणाचा मजकूर होता. हिंदीतला 'राजीनामा', म्हणजे दोन्ही पक्षांची तडजोड, मी मराठीतही तसाच ठेवला होता. "दोन्ही पक्षांनी नोकरी सोडली का?" असं त्यांनी लाल अक्षरांत लिहिलं होतं. त्या दिवसापासून अशा फसव्या शब्दांची वही ठेवते. पहिल्या पानावर अर्थातच 'शिक्षा' आहे.

८. हप्ता सुरू झाल्यावर

पहिला हप्ता यायच्या दोन महिने आधी शाखेत जाऊन परतफेडीचं वेळापत्रक छापून घ्या आणि व्याज किती मिसळलं ते पडताळा. माझ्या पत्रकात एका वर्षाची फी तीन महिने आधी दिल्याचं दाखवलं होतं. पावती दाखवल्यावर दुरुस्त झालं.

जास्तीचे पैसे आले, बोनस किंवा दिवाळीची भेट, की लगेच मुद्दलात भरा. व्यक्तीच्या बदलत्या दराच्या कर्जावर आगाऊ फेडीचा दंड लावता येत नाही. भरताना लेखी सांगा की हप्ता तसाच ठेवा आणि मुदत कमी करा, नाहीतर बँक उलटं करते.

व्याजावरच्या कर-वजावटीचं, म्हणजे ज्याला सगळे ८०ई म्हणतात त्याचं, फार कौतुक ऐकाल. ती जुन्या करप्रणालीतच मिळते, आठ वर्षं, आणि फक्त व्याजावर. १७,२०० पगार असताना मला करच लागत नव्हता, तेव्हा तिचा उपयोग शून्य.

नोकरी गेली तर हप्ता चुकायच्या आधी शाखेत जा, नंतर नाही. ९० दिवस थकलं की खातं एनपीएमध्ये, म्हणजे थकीत-बुडीत कर्जांत, जातं, आणि मग तुमच्याशी बोलणारा माणूस बदलतो. त्याआधी मुदत वाढवून मागता येते, काही काळ फक्त व्याज भरू द्या असं मागता येतं. अर्ज लेखी द्या, पोच घ्या. तक्रार करूनही बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन जाता येतं, पैसे लागत नाहीत.

कर्ज संपल्यावर 'नो ड्यूज' पत्र घ्या आणि महिन्या-दोन महिन्यांनी सिबिलवर खातं 'क्लोज्ड' दिसतंय का ते बघा, बाबांच्या रिपोर्टवरही. माझं पत्र मी आजीला वाचून दाखवलं. सातव्या वर्षीच सुटले होते. ती म्हणाली, "चांगल्या वर्तणुकीबद्दल सोडलं वाटतं."